बुडालेल्या गाड्यांचा पंचनामा

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेने सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदवला, आणि तेथून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना त्या दिवशी जणू दोन निरनिराळे ऋतू चालू होते. दुपारच्या भरतीने नाल्यांची समुद्राकडची तोंडे अडवून धरली, मिठी नदीला उतार मिळेना, आणि जे पाणी खाडीत जावयाचे ते कुर्ला, कलिना, साकीनाका या सखल वस्त्यांत माघारी शिरले. महाराष्ट्रात त्या अतिवृष्टीने एक हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी काही तर आपल्या मोटारीतच गुदमरली, कारण काचा विजेवर चालणाऱ्या होत्या आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देईना. अशा प्रलयाच्या हिशेबात वाहनांच्या हानीचा विषय काढणे हे प्रथमदर्शनी क्षुद्र मनाचे लक्षण वाटेल, हे मी जाणतो. परंतु माणसांचा शोक आपण केला, घरांचे पंचनामे झाले, आणि वाहनांचे काय झाले, विशेषतः जुन्या वाहनांचे काय झाले, याची चौकशी मात्र कोणी फारशी केली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सुमारे ३७ हजार रिक्षा, ४ हजार टॅक्सी आणि बेस्टच्या ९०० बस नादुरुस्त झाल्या, आणि दहा हजारांच्या आसपास ट्रक व टेम्पो जागच्या जागी अडकून पडले. या यादीत जुन्या मोटारींसाठी वेगळा रकाना नव्हता, आणि तो असावा असे कोणाच्या मनातही आले नसेल. कारण २००५ साली मुंबईची टॅक्सी म्हणजे बहुतांशी प्रीमियर पद्मिनी, आणि पद्मिनी ही संग्राह्य वस्तू नसून मालकाच्या व चालकाच्या रोजच्या भाकरीचे साधन होती. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीची वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. जिवंतपणी उपेक्षा आणि निर्वाणानंतर गौरव, हा आपल्याकडचा शिरस्ता यंत्रांनाही लागू असावा.

२००५ च्या त्या पुरात एक विलक्षण योगायोग होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याचा. १९४७ पासून डॉज, डी सोटो व फार्गो या अमेरिकी नावांचे ट्रक आणि मोटारी तेथे जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे फियाटशी करार झाल्यावर ११०० ची एकामागून एक रूपे तेथूनच बाहेर पडली: १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. याच कुर्ल्याच्या पश्चिमेस, कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. ज्या फाटकाचे, दिव्याच्या कड्याचे वा गिअरच्या दांड्याचे उत्पादन थांबून पंचवीस वर्षे लोटली तेही तेथील एखाद्या काळवंडलेल्या गाळ्यात मिळण्याची शक्यता असते. मिठीच्या पाण्याने हा सारा पट्टा व्यापला. तेव्हा नुकसान मोजताना केवळ बुडालेल्या गाड्या मोजून भागत नाही. त्या गाड्या पुन्हा उभ्या करण्यासाठी जो साठा लागतो तोही त्याच गढूळ पाण्याखाली गेला होता, हे ध्यानात घ्यावे लागते.

पाणी मोटारीचे नेमके काय करते, हे सविस्तर सांगणे येथे आवश्यक आहे; कारण या बाबतीत सामान्य समज आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे. उभ्या, बंद असलेल्या जुन्या गाडीत पाणी शिरून दोन दिवस राहिले, तरी तिचे ओतीव लोखंडाचे इंजिन त्यामुळे लगेच निकामी होत नाही. निकामी होते ते त्यानंतरच्या एका क्षणात, जेव्हा पाणी ओसरल्याच्या आनंदात मालक किल्ली फिरवतो आणि सेल्फ मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर पिस्टन आदळतो आणि ज्या कनेक्टिंग रॉडने वीस-तीस वर्षे मुकाट्याने काम केले तो वाकतो, क्वचित मोडून ब्लॉकच फोडतो. डिझेलच्या ट्रकात हा धोका अधिक, कारण त्याच्या सिलिंडरात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागाच इतकी अल्प असते की थोडक्या पाण्यानेही अनर्थ घडतो. म्हणून जाणता मिस्त्री पहिल्या प्रथम बॅटरीची तार सोडवतो. मग पेट्रोलच्या गाडीचे प्लग, डिझेलच्या गाडीचे इंजेक्टर काढून मोकळे करतो, आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवून त्यातील पाणी त्या भोकांवाटे बाहेर काढतो. जुन्या गाड्यांना पुढून हँडल घालून फिरवण्याची सोय होती. आज ती हास्यास्पद वाटत असली, तरी पुरात बुडालेल्या इंजिनाची नाडी पाहण्यास तिच्यासारखे दुसरे साधन नाही, कारण आत काही अडत असेल तर ते मनगटाला तत्काळ कळते.

इंजिन वाचले म्हणजे गाडी वाचली, हाही भ्रमच. गिअरबॉक्स आणि मागच्या आसाचे हाउसिंग यांना हवा खेळण्यासाठी लहानसे छिद्र असते. धावून तापलेली गाडी पाण्यात शिरते तेव्हा ते हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते; मग तेथील तेल दुधाळ होते, वंगणाचा गुण टाकते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी, पुराची आठवणही पुसट झाल्यावर, क्राऊनचे दाते वाजू लागतात. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस, ब्रेकचे ड्रम, पाट्यांच्या थरांमधील गाळ, चेसिसच्या पोकळ भागांत बसलेला चिखल, या प्रत्येकाची कहाणी हीच. ब्रेकच्या शूंचे अस्तर भिजून फुगते आणि हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर ते ड्रमला असे चिकटते की चाक फिरेना. अशी गाडी जबरदस्तीने ओढून नेणाऱ्या क्रेनवाल्याने पुरापेक्षा अधिक नुकसान केल्याची उदाहरणे मिस्त्रीमंडळींना तोंडपाठ असतात.

आणि तरीही, या सर्व संकटांत जुन्या वाहनाची बाजू नव्याहून बळकट आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. आजच्या मोटारीत आसनाखाली, पायाखाली, फलकामागे इलेक्ट्रॉनिक पेट्या दडलेल्या असतात. त्या भिजल्या की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो आणि गाडी धडधाकट दिसत असूनही हिशेबातून बाद होते. फियाट ११०० किंवा टाटा-मर्सिडीज ट्रकापाशी भिजून बाद होण्यासारखे असे काही नाही. डायनॅमो आणि सेल्फ मोटर उतरवून सुकवता येतात, गरज पडली तर पुन्हा गुंडाळता येतात. वायंडिंगची कामे करणारे कारागीर आजही पेटीत विजेचे दिवे लावून त्यांच्या उष्णतेने ती वाळवतात. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून साफ होतात. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलाखाली बसलेले पाणी एक स्क्रू सोडताच बाहेर पडते. मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींची गोष्ट निराळी. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या वा पातळ पोलादी पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, आसनांत घोड्याचे केस भरलेले असतात, तारांवर कापडी वेष्टन असते. हे लाकूड फुगले की दारांचे सांधे कायमचे सुटतात, आणि असा सांगाडा नव्याने घडवू शकणारे सुतार आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

गोड्या पाण्याचा आणि खाऱ्या पाण्याचा पूर यांत तर जमीनअस्मानाचे अंतर आहे. नदीचा पूर गाळ आणतो, घाण आणतो, पण तो धुऊन काढता येतो. समुद्राचे पाणी वाळले तरी त्यातील मीठ फटीफटींत राहते, हवेतील ओलावा शोषत राहते, आणि गंजण्याची क्रिया वर्षानुवर्षे चालू ठेवते. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले तेव्हा याचे प्रत्यंतर आले. तो प्रदेश निवृत्त धनिकांचा आणि म्हणून जुन्या मोटारींच्या संग्रहांचाही आहे. समुद्राची लाट घरांखालच्या गॅरेजांत शिरली, आणि ज्या गाड्यांच्या रंगावर मालकांनी धुळीचा कण बसू दिला नव्हता त्या खाऱ्या पाण्यात तरंगल्या. तेथील व्यवस्थेत एक गोष्ट अनुकरणीय आहे: बुडून विम्याने बाद केलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो. त्या व्यवस्थेलाही पळवाटा आहेत, एका राज्यातील शिक्का दुसऱ्या राज्यात नव्याने नोंदणी करताना गळून पडतो आणि बुडालेली गाडी निष्कलंक कागद घेऊन पुन्हा बाजारात उभी राहते. परंतु निदान शिक्का मारावा ही कल्पना तरी तेथे आहे. आपल्या नोंदणीपुस्तकात अशा नोंदीचा रकानाच नाही.

कोकणात वादळाचा स्वभाव पुन्हा वेगळा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले, आणि नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. तेथे पाण्यापेक्षा वारा घातक ठरला. कोकणात जुनी जीप वा मोटार ठेवण्याची जागा म्हणजे अंगणातले आंब्याचे झाड किंवा पत्र्याची शेड, आणि अशा वाऱ्यात नेमके हेच दोन आश्रयदाते शत्रू होतात. अशा आघातात जुन्या गाडीचा जाड पत्रा उपयोगी पडतो. तो चेपतो, फाटत नाही, आणि चांगला पत्रेकाम करणारा कारागीर ठोकून, लांबी भरून त्याला पूर्वरूपाच्या जवळ आणतो. काचेचे मात्र तसे नाही. जुन्या जीपची सपाट काच गावातला काचवालाही कापून देईल, परंतु पन्नासच्या दशकातील अमेरिकी मोटारींची दोन्ही कडांना वळलेली पुढची काच एकदा फुटली की तिच्यासाठी परदेशाकडे डोळे लावून बसावे लागते, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली दोन-तीन पावसाळे काढते. ते पावसाळेच पुढे तिचा निकाल लावतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांनी कोल्हापूर-सांगली परिसर वेढला, तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि मालवाहू गाड्यांच्या रांगा लागल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव या नद्यांनी चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तेथील एस.टी. आगार पाण्याखाली गेले, आणि आगारप्रमुखांनी सुमारे नऊ लाखांची शासकीय रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून ती वाचवली. ही कर्तव्यनिष्ठा वंदनीय आहे. परंतु त्याच पुरात शहरातील ज्या शेकडो खाजगी गाड्या बुडाल्या त्यांच्या मालकांना दुसऱ्या आठवड्यात काय अनुभव आला, तेही नमूद करायला हवे.

तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा त्याच्या तक्त्यात घर असते, शेत असते, गुरे असतात. मच्छीमाराची होडी आणि जाळे यांना आपत्ती-निवारणाच्या निकषांत मदतीचा दर ठरवून दिलेला आहे, विणकराच्या मागालाही आहे. मोटारीला, ट्रकला नाही. त्यांची जबाबदारी विम्यावर टाकलेली आहे. आता विम्याचा दस्तऐवज उघडून पाहावा. पूर, वादळ, चक्रीवादळ, दरड ही सारी संकटे त्यात छापलेली असतात खरी. परंतु ती सर्वंकष विम्यात. तिऱ्हाइताच्या हानीपुरता जो सक्तीचा विमा असतो त्यात यांतील एकही नाही, आणि जुन्या गाड्यांचे बहुसंख्य मालक काटकसरीने तेवढाच विमा उतरवतात. ज्यांनी सर्वंकष विमा घेतला त्यांची वाट पुढील कलमांत अडते. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या बदललेल्या धातूच्या भागांवर निम्मी घट, रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांवरही निम्मी. पाणी शिरल्यावर सेल्फ मारल्याने इंजिन गेले असेल तर ती पुराची प्रत्यक्ष हानी नसून मागाहून ओढवून घेतलेली हानी, असे म्हणून सर्व्हेअर ती अमान्य करतो. या एका मुद्यावर ग्राहक न्यायालयांत किती दावे चालले असतील त्याला गणती नाही. आणि सर्वांत निर्णायक कलम असे, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्णतः नष्ट समजावी.

हे शेवटचे कलम न्याय्य दिसते, आणि नव्या गाडीच्या बाबतीत ते न्याय्य आहेही. पण पन्नास हजार विमित मूल्य लावलेल्या एखाद्या सुस्थितीतील जुन्या फियाटचा विचार करा. आसने, तारा, ब्रेक, तेले आणि रंग एवढेच काम काढले तरी साडेसदतीस हजारांची मर्यादा ओलांडली जाते, आणि जे यंत्र कुशल हातांनी महिन्याभरात धावू लागले असते ते कागदावर मृत घोषित होऊन भंगाराच्या भावाने उठते. जुन्या मोटार-दरपत्रकाने जुन्या गाड्यांसाठी एक सवलत ठेवली होती, पण तीही हप्त्यापुरती: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटार ही व्हिंटेज समजून तिच्या हप्त्यात २५ टक्के सूट. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला ही तजवीज पुरेशी होती. स्वातंत्र्योत्तर भारताने स्वतः घडवलेले एकही वाहन तीत बसत नाही, कारण ते १९४० नंतरचेच असणार.

जुलै २०२१ मध्ये, म्हणजे चिपळूण बुडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ही उणीव काही अंशी भरून काढली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनास व्हिंटेजचा दर्जा, नव्या नोंदणीस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिका, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट तत्त्वतः योग्य आहे. परंतु पुरात ब्लॉक फुटलेल्या गाडीचा मालक काय करतो? मूळ इंजिन मिळत नाही, म्हणून तो उपलब्ध असलेले दुसरे, बहुधा डिझेलचे इंजिन बसवतो, गाडी चालू करतो, आणि त्याच दिवशी या दर्जावरचा आपला हक्क नकळत गमावतो. आपत्तीमुळे करावा लागलेला बदल आणि हौसेखातर केलेला बदल यांत भेद करण्याची सोय त्या नियमात असायला हवी होती.

याहून मोठा दोष दुसराच आहे. हा दर्जा दुचाकींना आणि ‘एम-१’ वर्गातील मोटारींना, म्हणजे माणसे वाहणाऱ्या खाजगी गाड्यांना मिळतो. माल वाहणाऱ्या ट्रकला तो मिळत नाही. आता इतिहास पाहावा. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एस.टी. सुटली ती बेडफर्डच्या चेसिसवर बांधलेली होती. १९५४ साली टेल्कोने डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बांधावयास आरंभ केला, आणि १९६९ साली तो करार संपेपर्यंत त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजची तीनटोकी चांदणी मिरवत होती. फार्गो, डॉज, बेडफर्ड, लेलँड कॉमेट: पंचवार्षिक योजनांचे सिमेंट, कोयनेचे पोलाद, कारखान्यांकडे जाणारा ऊस, दुष्काळातले धान्य हे सारे यांनी वाहिले. छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक कोल्हापुरात दसऱ्याला निघते तेव्हा लोक रस्त्याच्या दोहों बाजूंस उभे राहून ती पाहतात, आणि पाहावीच; परंतु ज्या ट्रकांनी राज्य उभे केले त्यांपैकी एखाद्याला रस्त्यावरून मानाने चालवत नेण्याची कायदेशीर वाटच नाही. तो मालवाहू म्हणून नोंदलेला, म्हणून त्याला दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्र हवे; पंधरा वर्षांवरील जड वाहनांसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढलेले. पुरात बुडाला की असे शुल्क भरून तो पुन्हा उभा करण्यास कोणीही शहाणा मालक धजावत नाही. फाळके जळणाला जातात, पाटे लोहाराकडे, चेसिस वजनावर.

म्हणून दोन विनंत्या करतो. परिवहन खात्याने व्हिंटेजच्या नियमात पन्नास वर्षांवरील, व्यवसायातून निवृत्त केलेल्या मालवाहू वाहनांचा समावेश करावा, आणि नैसर्गिक आपत्तीत इंजिन गेले असल्यास तहसीलदाराचा दाखला पाहून ते बदलण्यास मुभा द्यावी. त्यासाठी तिजोरीवर काही भार पडत नाही. आणि ज्यांच्या दारात वडिलांची फियाट किंवा आजोबांचा फार्गो उभा आहे त्यांनी मे महिना संपण्यापूर्वी ते वाहन उंच जागी हलवावे, हँडब्रेक मोकळा ठेवून चाकांना उट्या लावाव्यात, बॅटरी सोडवून ठेवावी, चेसिस व इंजिन क्रमांकांची स्पष्ट छायाचित्रे नोंदणीपुस्तकासोबत कोरड्या जागी राखावीत, विमित मूल्य विमा कंपनीशी बोलून लेखी ठरवून घ्यावे. आणि इतके करूनही पाणी आलेच, तर मिस्त्री येईपर्यंत किल्लीला हात लावू नये.